बॉनेट उघडेपर्यंत

योकोहामाजवळच्या दायकोकु पार्किंग एरियाला पायी जायला वाटच नाही. समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर, एक्स्प्रेसवेच्या चकलीसारखे वेढे घेत चढणाऱ्या रॅम्पांच्या मधोमध हा वाहनतळ आहे आणि आत शिरायचं तर एक्स्प्रेसवेवरूनच. ट्रकवाल्यांनी घटकाभर टेकावं, काहीतरी गरम खावं, स्वच्छतागृहात जाऊन यावं, यासाठी बांधलेली जागा. पण अंधार पडला की टोकियो, चिबा, साइतामा अशा सगळ्या बाजूंनी ट्यून केलेल्या, म्हणजे इंजिन, चाकं, पत्रा बदलून घडवलेल्या गाड्या इथे येऊन उभ्या राहतात आणि गेली कित्येक वर्षं हे असंच चालू आहे. ना कोणी आयोजक, ना तिकीट, ना आमंत्रण. माणसं येतात, डब्यातली कॉफी पितात, एकमेकांच्या गाड्या वाकून वाकून बघतात आणि निघून जातात.

मला या गाड्यांचे फोटो काढायचे होते, आणि तेही रात्रीच. मी मूळची कोल्हापूरची. नोकरीमुळे टोकियोत आले आणि निशी-कासाईत राहते. तिथे आपली माणसं इतकी आहेत की तूरडाळ, पोहे, गोडा मसाला सगळं चालत जाऊन आणता येतं. दायकोकुला जायला मात्र आधी परवाना हवा. भारतातून काढून आणलेलं आंतरराष्ट्रीय परमिट इथे पाऊल ठेवल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. पुढे भारतीय लायसन्स इथल्या लायसन्समध्ये बदलून घ्यावं लागतं, त्यासाठी लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवणं दोन्ही आलं. जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. परीक्षक बघतो ते वेगळंच: डावीकडे वळायच्या आधी गाडी डाव्या कडेला घेतली का, आरशात बघून झाल्यावर मान वळवून मागचं पाहिलं का, काटकोनी अरुंद वळणांमधून चाक कडेला न लावता बाहेर आलात का. तोयोचोच्या परवाना केंद्रातून हातात कार्ड घेऊन बाहेर पडले आणि त्याच आठवड्यात एक छोटी हॅचबॅक भाड्याने घेतली.

कासाईहून वांगान मार्गाला, म्हणजे खाडीकाठच्या एक्स्प्रेसवेला लागलं की दायकोकुपर्यंत सरळ पश्चिमेला जायचं. तात्सुमी आणि आरिआकेचे जंक्शन मागे पडतात, टोकियो बंदराखालचा बोगदा येतो, मग हानेदा विमानतळ, पुन्हा समुद्राखालचे बोगदे, आणि त्सुरुमी त्सुबासा पुलाचे मोठे तारांचे पंखे दिसले की डाव्या लेनमध्ये यायचं. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटर. रॅम्पवरून गोल फिरत खाली उतरताना वाहनतळ एकदम पायाखाली दिसतो. त्याच्यापुढेच योकोहामा बे ब्रिज आहे. तो १९८९ साली वाहतुकीला खुला झाला आणि त्याच वर्षी निस्सानने आर३२ पिढीची स्कायलाइन जीटीआर ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. आज या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत उभ्या करता येतात, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पहिल्या काही रात्री मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नुसती फिरून बघत राहिले. हे मी ठरवून केलं, कारण गाडीत काय बघायचं ते डोळ्याला कळल्याशिवाय लेन्सला कळत नाही.

लांबून दिसतात ते रंग आणि पंख. जवळ गेल्यावर हळूहळू कळतं की कोणत्या गाडीवर खर्च झालाय आणि कोणत्या गाडीवर माणूस राबलाय. माझदा आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीत रोटरी इंजिन असतं, ६५४ सीसीचे दोन कक्ष, पिस्टन नाहीतच. ती गाडी नुसती उभी असताना तिच्या आयडलिंगचा तुटक, धडधडता ताल कोणी पोर्टना, म्हणजे हवा-धुराच्या वाटांना हात घातलाय ते सांगून जातो. सर्किटवर जाणाऱ्या गाडीच्या टायरच्या खांद्यावर वितळून पुन्हा थिजलेल्या रबराचे कण असतात. फक्त दाखवायला आणलेल्या गाडीच्या टायरवर मोल्डिंगचे बारीक केससुद्धा शाबूत असतात. रेज कंपनीची टीई३७ ही सहा आरीची फोर्ज केलेली चाकं १९९६ पासून निघतात आणि इथे ती निम्म्या गाड्यांना दिसतील. पण ती मडगार्डाच्या आत किती नेमकी बसवलीत, चाक आणि पत्रा यांत बोटभर जागा ठेवलीय की नखभर, त्यात बसवणाऱ्याची नजर दिसते. टायटॅनियमच्या सायलेन्सरचं टोक उष्णतेने निळं-जांभळं होतं. त्या रंगाचे पट्टे आणि त्यामागचे वेल्डिंगचे एकसारखे खवले बघायला मी कितीतरी वेळ उकिडवी बसलेली असते.

रुंद मडगार्डांचंच घ्या. चिबामधल्या काशिवाचे आकिरा नाकाई जुन्या, हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ गाड्यांचे मडगार्ड स्वतःच्या हाताने कापून त्यांवर रुंद कवचं बसवतात. त्यांच्या कामाला आरडब्ल्यूबी म्हणून जगभर मान आहे. कोणाला चांगला पत्रा कापणं पाप वाटतं. मला नाही वाटत. कापायच्या आधी तो माणूस गाडीकडे किती वेळ बघत असेल, हे त्या कडेवरून कळतं.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. जपानमध्ये ट्यूनिंग म्हणजे सगळं बेकायदा, असा आपल्याकडे समज आहे. इथलं पासिंग, म्हणजे शाकेन, नव्या खासगी गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावं लागतं. जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर उंची, आवाजाची मर्यादा, धुराची तपासणी, सगळं बघतात. पास झालेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं स्टिकर असतं. रात्री गाडी बघताना माझी नजर आधी तिकडे जाते. पाचशे-सहाशे अश्वशक्तीची गाडी ते स्टिकर लावून उभी असते तेव्हा तिच्यामागे किती मोजमाप, किती कागदपत्रं आणि किती संयम आहे ते समजतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. नियम असावेतच. पण मोजून, तपासून बदलाला परवानगी देणारी एखादी वाट आपल्याकडेही हवी होती, असं मला मनापासून वाटतं. कोल्हापुरात, पुण्यात, नाशकात तसे हात आहेत.

मग परवानगी मागणं. इथे गाडीचा मालक सहसा गाडीला टेकून उभा नसतो. चार पावलांवर, व्हेंडिंग मशीनजवळ किंवा कठड्यापाशी असतो आणि आपल्या गाडीकडे कोण बघतंय ते बघत असतो. मी आधी गाडीभोवती एक फेरी मारते, कॅमेरा खाली धरून. मग मान वर करून शोधते की नजर कोणाची आपल्यावर आहे. कंबरेत वाकून विचारायचं, 'शाशिन, ई देस का?' फोटो काढू का, एवढंच. आजवर नकार देणारे फार थोडे भेटले. जे नको म्हणाले त्यांचीही कारणं होती. एकाला नंबरप्लेट कुठेही जायला नको होती, एकाची गाडी नुकतीच कोणीतरी ठोकली होती. जपानी नंबरप्लेटवर नोंदणीच्या गावाचं नाव कांजीत लिहिलेलं असतं, योकोहामा, शिनागावा, नाराशिनो. त्यामुळे मालक कुठला ते लगेच कळतं. म्हणूनच नंबर पुसल्याशिवाय मी एकही फोटो कोणाला दाखवत नाही. न विचारता मोबाइल थेट दरवाज्याच्या काचेला लावणारे, दुसऱ्याच्या गाडीला टेकून स्वतःचे फोटो काढून घेणारे तिथे भरपूर दिसतात. त्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्यामुळे मालक मंडळी कमी यायला लागतात.

रात्रीचा उजेड हा या कामाचा खरा अभ्यास. गाडीचा पत्रा स्वतःचा रंग फारसा दाखवत नाही, समोर जे असेल ते दाखवतो. काळ्या गाडीचा फोटो म्हणजे खरं तर तिच्यात पडलेल्या प्रतिबिंबांचा फोटो. दायकोकुत वर रॅम्प आहेत, खांबांवर दिवे आहेत, बाजूला दुकानाच्या काचेतून येणारा पांढरा उजेड आहे. एका पावलाने बाजूला सरकलं की बॉनेटवरची उजेडाची रेघ मडगार्डावर उतरते. ती रेघ अखंड वाहत गेली तर पत्रा सरळ आहे, मध्येच थरथरली तर तिथे कधीतरी लांबी (पुट्टी) भरलीय. डेंटिंगवाले आपल्याकडेही ट्यूबलाइटखाली हेच बघतात.

मी ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या दोन लेन्स नेते. गाडीच्या अगदी जवळ जाऊन वाइड लेन्स लावली तर नाक फुगतं आणि मागचा भाग आटतो. ट्यून केलेल्या गाडीचा तोल तर मागच्या मडगार्डांत असतो, तोच हरवतो. म्हणून शक्य असेल तेव्हा मागे सरकून ८५ वापरते. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, म्हणजे मी गुडघ्यावर. मालकाला विनंती करून पुढचं चाक असं वळवून घ्यायचं की आपल्याला टायर नाही, चाकाचा चेहरा दिसेल. उभ्या गाडीला शटर १/६० सेकंद, ॲपर्चर एफ/२, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० इथे सुरुवात करायची आणि दिवे जळून पांढरे होणार नाहीत एवढं अंधाराकडे झुकतं ठेवायचं. सावलीतून तपशील पुढे काढता येतो, पांढऱ्या पडलेल्या दिव्यातून काहीच परत येत नाही. ट्रायपॉड नेत नाही. वाहनतळात आणि फुटपाथवर तो लोकांच्या पायात येतो.

चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर रात्री लावावा का, यावर माझा मित्र आणि मी तासन्‌तास बोललो आहोत. तो नाशिकचा, माझ्यासारखाच इथे नोकरीला. त्याचं म्हणणं, दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खाणारी काच अंधारात कशाला लावायची. मला मात्र फिल्टर लागतो. तो फिरवत गेलं की पुढच्या काचेवरची झाक विरते आणि आतली सीट, मीटर, रोल केज दिसायला लागतात. फक्त पूर्ण फिरवायचा नाही. सगळी झाक गेली की गाडी रबराची वाटायला लागते. निस्सानच्या 'मिडनाइट पर्पल' मालिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या रंगासाठी तर मी तो काढूनच ठेवते. आर३४ या स्कायलाइनच्या नंतरच्या पिढीतल्या मोजक्या गाड्यांना दिलेले हे रंग बघणाऱ्याच्या कोनाप्रमाणे बदलतात, आणि ते खेळवायला खांबावरचा एक दिवा आणि आपली दोन पावलं पुरतात.

शहराच्या रस्त्यांवर उभ्या गाडीऐवजी चालती गाडी असते. मारुनोउचीला टोकियो स्टेशनची लाल विटांची इमारत आहे, १९१४ ची, २०१२ मध्ये मूळ रूपात उभी केलेली. तिच्यासमोरून राजवाड्याकडे रुंद रस्ता जातो. रविवारी रात्री उशिरा ऑफिसांचा तो भाग ओस असतो आणि ओळखीची एखादी गाडी आरामात, तीस-चाळीसच्या वेगाने फेरी मारते. मी फुटपाथवरच उभी असते. शटर १/२० वर, पाय रोवून, कंबरेतून फिरत, फोकस पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर. गाडी समोरून गेल्यावरही फिरणं थांबवायचं नाही, बटणावरून बोट उचलल्यानंतरही नाही. गाडी ठळक, आऱ्या विरघळलेल्या आणि मागे विटांची लाल पट्टी, असा फोटो दहात एखादा लागतो. तो लागला की बाकीचे नऊ पुसताना काहीच वाटत नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल. नव्या गाड्यांचे एलईडी टेललाइट खरं तर फार वेगाने लुकलुकत असतात. शटर जास्त वेगवान ठेवलं तर फोटोत अर्धा दिवा विझलेला येतो. दुकानांच्या पाट्यांचंही तेच. टोकियोची वीज आपल्यासारखी ५० हर्ट्झची आहे, म्हणजे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात, त्यामुळे १/१०० किंवा १/५० वर ते शांत दिसतात. ओसाकाकडे वीज ६० हर्ट्झची, तिथे हे गणित बदलतं. जुन्या स्कायलाइनच्या मागच्या चार गोल दिव्यांत साधे बल्ब असतात, ते कोणत्याही शटरला अखंड लाल राहतात. ओल्या डांबरावर पडलेलं त्यांचं लाल, पाऊस नुकताच थांबलेला असताना, यासाठी मी हवामानाचा अंदाज बघून रजा टाकलेली आहे.

वेगाचे फोटो मी काढत नाही. एक्स्प्रेसवेवर दुसऱ्या गाडीच्या खिडकीतून बाहेर लटकून घेतलेली दृश्यं लोकांना आवडतात. मला ती आवडत नाहीत, कारण तिथे तिसरा कोणीतरी आपल्या घरी निघालेला असतो. इंजिन चढवून दाखवा, ज्वाळा काढून दाखवा अशी फर्माईशही मी कधी करत नाही. दायकोकुत शनिवार-रविवारच्या रात्री ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू होतात, पोलिसांची गाडी फिरायला लागते आणि वाहनतळ रिकामा करून प्रवेश बंद होतो. तात्सुमीच्या पार्किंग एरियाचंही असंच. आवाज, गर्दी, ट्रकवाल्यांना न मिळणारी जागा, ही कारणं खरी आहेत. रात्रभर माल वाहून आलेल्या ट्रकचालकाला झोपायला जागा मिळाली पाहिजे, त्याच्यासाठीच ती बांधलीय. त्यामुळे मी आठवड्याच्या मधल्या वारी जाते, ट्रकच्या रांगेत गाडी लावत नाही आणि सूचना झाली की पहिल्या निघणाऱ्यांत असते. परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन तिथे नेणाऱ्या गाड्याही हल्ली दिसतात. प्रवासी वाहतुकीला इथे हिरवी नंबरप्लेट लागते. जायचंच असेल तर ती बघूनच बसावं.

आता त्या आर३२ कडे येते, कारण बाकी सगळं मी तिच्यामुळेच नीट शिकले.

गडद राखाडी, कुठलाही स्टिकर नाही, मागचा पंख कंपनीचाच. लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढच्या झगमगत्या गाडीकडे जायचे. मी थांबले ते आत दिसलेल्या गिअर नॉबमुळे. ॲल्युमिनियमचा, साधा दंडगोल, पण त्यावर केलेलं नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी उमटवलेली खरखरीत जाळी, इतकं धारदार आणि एकसारखं होतं की ते विकत आणलेलं नाही हे मला काचेतूनच कळलं. माझ्या बाबांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन बोअरिंग आणि हेड फेसिंगचं वर्कशॉप आहे, म्हणजे सिलिंडर कातणं आणि त्यांच्यावरचं झाकण, हेड, सपाट करणं. लेथवर टूल जॉबला टेकल्यावर नर्लिंग कसं उमटत जातं ते मी शाळेतून आल्यावर दप्तर न काढता बघत बसायची. गाडीचे मालक, साठीच्या पुढचे गृहस्थ, कठड्याशी उभे होते. मी त्यांना गाडीबद्दल काही न विचारता नॉबकडे बोट दाखवून विचारलं, हे तुम्ही केलंत? ते जवळ आले, दरवाजा उघडला आणि म्हणाले, बसून बघ.

त्यांचं ओता वॉर्डात छोटं मशीन शॉप. हानेदाजवळचा हा भाग अशा छोट्या कारखान्यांसाठीच ओळखला जातो. दोन-चार मशीनं, घरचीच माणसं आणि शतांश मिलिमीटरमध्ये बोलणारे लोक, आपलं उद्यमनगरच म्हणा ना. मी त्यांना मनात ओताचे काका म्हणते. त्या रात्री मी फक्त नॉबचा फोटो काढला. व्हेंडिंग मशीनचा उजेड डाव्या काचेतून आडवा येत होता. आडव्या उजेडात नर्लिंगचा एकेक हिरा वेगळा दिसतो, समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट होतं. ८५ ची लेन्स, जेमतेम फोकस होईल एवढं अंतर, एफ/४, कारण एफ/१.८ ला दोनच ओळी ठळक आल्या असत्या. पुढच्या खेपेला त्याचा छापील फोटो मी त्यांना दोन्ही हातांनी दिला. फोटो छापून नेऊन द्यायचा, ही माझी पद्धत आहे आणि ती कुठल्याही भाषेपेक्षा चांगली चालते. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिला.

त्यानंतर एका रात्री, मी काही न मागता, त्यांनी बॉनेट उघडलं.

आरबी२६ इंजिन मी चित्रात खूप पाहिलं होतं. २५६८ सीसी, सरळ रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल. कागदावर २८० अश्वशक्ती, कारण त्या काळात जपानी कंपन्यांनी याहून मोठा आकडा जाहीर न करण्याचा आपसांत संकेत पाळला होता आणि तो २००४ पर्यंत टिकला. प्रत्यक्षात बिडाचा ब्लॉक याहून कितीतरी जास्त सोसतो आणि सगळं ट्यूनिंग त्या शिल्लक ताकदीवर उभं आहे. १९९० ते १९९३ या हंगामांत जपानच्या ग्रुप-ए टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ च्या २९ शर्यती आर३२ ने जिंकल्या, त्या याच इंजिनावर. काकांनी टर्बो बदललेले होते. मूळच्या टर्बोंमध्ये सिरॅमिकची चक्रं असतात, दाब वाढवला की ती फुटू शकतात, म्हणून धातूची घातली. पण माझं लक्ष लहान गोष्टींकडे गेलं. तेलाच्या नळ्यांची बंधनं, वायरिंगचे कंस, थ्रॉटलच्या दांडीवरचा स्पेसर (अंतर राखणारा तुकडा), सगळं त्यांनी स्वतः कातलेलं. प्रत्येक कडेला तेवढीच बारीक चॅम्फर, म्हणजे धार मोडणारा तिरपा छेद, हात फिरवला तर कुठे बोचणार नाही अशी. हे कोणाला दिसायचं नव्हतं, तरी केलं होतं.

फ्लॅश मारला असता तर प्रत्येक चकचकीत नळीवर पांढरा डाग आला असता. काकांकडे कामाची टॉर्च होती. त्यांनी स्वतःच तिच्यावर पांढरा रुमाल बांधला आणि मी सांगेन तिथे ते ती धरत गेले. थोडं मागे, थोडं खाली, आता फायरवॉलकडून, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूने. १/३० सेकंद, श्वास रोखून, आयएसओ १६००. मध्येच ते टॉर्च अशा कोनात धरायचे की मला सांगावं लागायचं नाही. मशीनवर घासलेला पृष्ठभाग कुठून बघायचा ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आम्ही पाऊण तास फक्त डाव्या-उजव्या बाजूच्या नळ्यांत घालवला. सायलेन्सर थंड होताना टिकटिक वाजत होता, तोही हळूहळू थांबला.

टोकियोत रात्रीचे अकरा म्हणजे कोल्हापुरात साडेसात. बाबा शटर ओढून घरी आलेले असतात. मी गाडीत बसल्या बसल्या फोटो पाठवले. एरवी माझे फोटो बघून ते 'छान' एवढंच म्हणतात. या वेळी लगेच फोन आला.

"अगं, ह्यो स्पेसर कुणी कातलाय?"

"काकांनी स्वतः. घरच्या लेथवर."

"हात हाय माणसाचा. चॅम्फर बघ की, सगळ्या एका मापात हाईत. पण बाई, तू वरवरचंच दाखवतीस. हेड कुठाय? हेड बघिटल्याशिवाय इंजिन काय कळणार?"

मी त्यांना सांगितलं की हेड बघायचं तर इंजिन उघडावं लागेल. बाबा म्हणाले, मग विचार की त्यांना, कधी उघडणार आहेत. मी हे काकांना जमेल तसं सांगितलं. वडील कोल्हापूरला हेड फेसिंगचं काम करतात, ते तुमचं हेड बघायला मागतात. काका मोठ्याने हसले आणि त्यांनी पहिल्यांदाच मला त्यांच्या दुकानाचं कार्ड दिलं.

पुढच्या शाकेनच्या आधी ते हेड उतरवणार आहेत, व्हॉल्व्ह सीट नव्याने कापायच्या आहेत. मला दिवसा ये म्हणाले, दुकानात उत्तरेकडच्या खिडक्या आहेत, टॉर्च लागणार नाही. त्या वेळी बाबांना कॉलवर घ्यायचं ठरलंय. बाबांनी वहीत प्रश्न लिहायला घेतलेत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मूळचा ८६ मिलिमीटरचाच ठेवलाय की ८६.५ केलाय, हा पहिला. हेडला आजवर किती कट घेतलाय, हा दुसरा. आणि मला ताकीद दिलीय की पृष्ठभागाचा फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची, नुसता उजेड दाखवायचा नाही.